मालनच्या विमानाची फ्रेम

मालन,

तुझा हात थरथरत नव्हता. मी चारचौघांत म्हणालो होतो की थरथरतो. ते खोटं होतं. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता मी फाटे फोडीन. माझी सवय तुला माहीत आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यात लिहिलं ते कारखान्यात जॉबकार्डावर, तेही आकडेच. ही वही आपल्या पोराची, दत्ताची आहे, कॉलेजातली, अर्धी कोरी राहिलेली. पाळीवर गेल्यासारखा रोज सकाळी बसतो अन् पानभर लिहितो. तुझ्या बहिणीनं, कुसुमनं, सांगितलंय की महिन्याच्या दिवशी सगळे जमतील तेव्हा हे मोठ्यानं वाचायचं. चार दिवस राहिलेत. तू कशी गेलीस, दवाखान्यात किती दिवस होतीस, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. पण जमलेल्यांत गल्लीबाहेरचे असतील, त्यांना आपल्या बाहेरच्या खोलीतलं विमान माहीत नसेल. म्हणून तुला माहीत असलेलंही जरा सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

दत्ताच्या कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला लावलं होतं, तेव्हा त्यानं तो कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळाचा सेट जमवला. टेबलावर कॉम्प्युटर. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यात विमानाच्या काचेतून दिसावं तसं बाहेरचं दिसणार. धरायला एक स्टेअरिंग. अन् स्टेअरिंगच्या वर, डोळ्यांसमोर, शाळेच्या पाटीएवढा एक टच स्क्रीन. खऱ्या विमानात चालकापुढं जे काटे अन् आकडे असतात, उंची, वेग, दिशा, ते सगळं त्या काचेवर. काचेवरच बटणं काढलेली. बोट लावलं की चालतात. पुढं दत्ता पुण्याला गेला, तिथं त्याची खोली लहान, सेट इथंच राहिला. मी म्हणालो, आता हे धूळ खाईल. तू रोज पुसायचीस. मला वाटायचं पोराची वस्तू म्हणून पुसतेस.

एका रविवारी दत्ता आला होता अन् तू त्याला चहा देता देता म्हणालीस, "दत्ता, मला उडवून दाखीव की हे."

"उडवून दाखवू का तुला शिकवू?"

"मला काय येतंय."

"बीड्या वळता येतात ना? हे त्याच्यापेक्षा सोपंय."

शिर्डीच्या विमानतळावरून तू विमान उचललंस अन् थेट शेजारच्या शेतात घातलंस. दत्ता ओरडत होता, "आई, नाक वर, नाक वर धर." अन् तू खुर्चीत बसून स्वतःचं नाक वर केलंस. मी दारात उभा राहून हसलो. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. पुन्हा धावपट्टीवर विमान लावून मागितलंस. त्या दिवशी भाजी करपली, तीच खाल्ली आपण तिघांनी.

महिन्याभरात तू उडायला लागलीस. सातवी शिकलेली बाई, कधी रेल्वेनं मनमाडच्या पुढं गेली नाही, ती मला सांगायला लागली की वारा समोरून असला की विमान लवकर उचलतं. मी म्हणायचो, "गप बस, मला शिकवू नको." पण दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जुन्या माणसांत बसलो की मीच सांगायचो, वारा समोरून लागतो विमानाला.

एक अडचण होती. तो स्क्रीन तुझं बोट घेईना.

तीस वर्षं पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तुझ्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती की रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा तुझा अंगठा घेत नव्हतं. दुकानदार म्हणायचा, "मावशी, तेल पुसा." तू म्हणायचीस, "बाबा, तेल न्हाई, बोटच असं हाय." काचेचं तेच झालं. तू दाबायचीस, काच ऐकायची नाही. मग तू बीडीचा उपाय काढलास. पानं मऊ राहावीत म्हणून ओल्या फडक्यात ठेवायचीस ना, तसं एक ओलं फडकं स्क्रीनशेजारी ठेवलंस. बोट फडक्याला टेकवायचं, मग काचेला. चालायचं. पण कधी पाण्याचा ठिपका काचेवर राहायचा अन् नको ते बटण दाबलं जायचं.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, काचेवर बोट फिरवून यंत्र चालवायचं ही गोष्टच चूक. हाताला काहीतरी लागलं पाहिजे. फिरवलं तर फिरलेलं कळलं पाहिजे. मी बेचाळीस वर्षं लेथवर काढली, सगळे मिस्त्री म्हणायचे मला, डोळे मिटून सांगायचो हँडल किती फिरलं. तुझं म्हणणं, "तुमच्या लेथीवर उडून दाखवा मग."

शेवटी मी कामाला लागलो. दत्तानं पुण्याहून फिरणाऱ्या खुंट्या अन् एक छोटं सर्किट आणलं, वायरी त्यानंच जोडून दिल्या. बाकी सगळं माझं. स्क्रीनभोवती बसेल अशी ॲल्युमिनियमची फ्रेम, पत्रा कापून, कानस मारून, कोपरे गोल करून. फ्रेमवर सहा नॉब. एमआयडीसीत ज्या शॉपमध्ये मी शेवटी होतो, तिथं जाऊन मालकाला म्हणालो, तासभर लेथ द्या. तासाचे आठ दिवस झाले. उंचीच्या नॉबला जाड दाते काढले, दिशेच्या नॉबला बारीक, रेडिओचा नॉब गुळगुळीत ठेवला अन् माथ्यावर एक खाच. तुला बघायला लागू नये, बोटाला कळावं कुठला नॉब कुठला. तुझी बोटं काचेला कळत नव्हती, पण त्या बोटांना सगळं कळायचं. पान हातात घेतलं की तू सांगायचीस कुठल्या गोणीतलं आहे.

फ्रेम बसवली त्या दिवशी तू एकेक नॉब फिरवून बघितलास. मग म्हणालीस, "माझ्यासाठी तुमी पयल्यांदाच काई केलं."

मी म्हणालो, "बस आता. उडव."

एवढंच बोललो मी. आणखी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. तुझा ठरलेला रस्ता होता. शिर्डीवरून उडायचं, राहुरी डाव्या अंगाला सोडायची, मुळा धरणाचं पाणी दिसलं की थोडं उजवीकडं घ्यायचं, अन् पारनेरची टेकाडं आली की खाली यायचं. अर्ध्या तासात माहेर. एसटीनं जायचं म्हटलं तर स्टँडवरच अर्धा तास जायचा. तुझं गाव त्या टीव्हीत नुसता तांबडा-हिरवा डाग होता, वरून फोटो काढल्यासारखा. घर दिसत नव्हतं. पण गावामागची टेकडी दिसायची. तू त्या टेकडीभोवती एक फेरी मारायचीस अन् परत फिरायचीस. उतरायला तिथं जागा नाही म्हणायचीस. कुसुम शेजारी बसली असली की दोघी भांडायच्या.

"अक्के, विहीर ती न्हव. ती बांधाच्या खाली हुती."

"तू लहान हुतीस, तुला काय आठवतंय. हीच विहीर."

"काळं दिसतंय ते झाड हाय."

डागाकडं बोट दाखवून दोन म्हाताऱ्या विहिरीसाठी भांडतात, हे मी खाटेवर पडून ऐकायचो. बरं वाटायचं.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. सगळ्या तुझ्याबरोबरच्या, बीड्यांच्या. दुपारी सूप बाजूला ठेवून यायच्या. जिला तिला तू तिच्या माहेरावरून फिरवून आणायचीस. एक पाथर्डीची, एक नेवाशाची. शहनाजभाभीला संगमनेरला नेलंस, प्रवरा दिसल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "मालनताई, और एक चक्कर मारो ना." तू मारलीस. उंचीचा नॉब फिरवून आकडा ठरवायचीस, मग विमान आपोआप त्या उंचीवर चालायचं, अन् तुम्ही सगळ्या गप्पा मारत बसायचात. आपल्या बाहेरच्या खोलीत एवढं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर तर नाहीच.

आता पुढचं लिहायचं ते माझ्या हाताला जड जातं.

पुढच्या उन्हाळ्यात विमान पडायला लागलं. जाताना नीट जायचं. येताना, मुळा धरणाच्या आसपास, तू ठरवलेला उंचीचा आकडा आपोआप खाली घसरायचा. पाच हजार, साडेचार, चार, अन् विमान त्या आकड्यामागं खाली. तू घाईनं नॉब फिरवून वर आणायचीस, पुन्हा घसरायचा. तू म्हणालीस, "अहो, मी हात लावला न्हाई अन् आकडा फिरतो."

मी म्हणालो, "मग कोण फिरवतं, भूत?"

"जाताना नीट जातं. येतानाच हुतं असं."

"माहेराहून परतायचं जिवावर येत असंल तुझ्या."

तू हसलीस. मला वाटलं लई भारी बोललो. त्यातच सगळं होतं, मालन. जाताना नीट, येताना बिघाड. मी कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचो? लेथवरून उतरलेल्या गरम जॉबचं, म्हणजे कातलेल्या तुकड्याचं, माप घेऊ नये. धातू तापला की वाढतो, गार झाला की बसतो, तापलेल्याचं अन् गारचं माप एक नसतं. हे मी कित्येकांना शिकवलं. अन् तू मला सांगत होतीस की तासाभरानं बिघडतं, तर मला विनोद सुचला.

मी तपासलं नाही असं नाही. सकाळी सेट चालू केला, पाच मिनिटं बसलो, आकड्याकडं बघत राहिलो. हलला नाही. नॉब फिरवला, बरोबर फिरला. फ्रेम हलवून बघितली, केसाइतकी हलली नाही. चारही स्क्रू पुन्हा आवळले, अजून अर्धा आटा. अन् तुला हाक मारून म्हणालो, "मी बसलो तर काय होत नाही. तू बसली की होतं. मग दोष कुणाचा?"

तू तुझ्या हाताकडं बघितलंस. मी ते बघितलं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कुसुम, शहनाजभाभी अन् आणखी दोघी बसल्या होत्या. तू त्यांना कुठंतरी लांब नेलं होतंस, परत येत होतीस. मी बाहेर निघालो होतो, दारात चपला घालत होतो. आकडा घसरला, विमान खाली गेलं, अन् बोलता बोलता तू त्या चौघींना घेऊन मुळा धरणाच्या पाण्यात पडलीस. बायका ओरडल्या, मग हसायला लागल्या. शहनाजभाभी म्हणाली, "या अल्ला, कपडे भिजले की माझे." तूही हसत होतीस. तेव्हा मी दारातून म्हणालो, "हिचा हात थरथरायला लागलाय आता. हिच्या विमानात बसत जाऊ नका."

सगळ्या पुन्हा हसल्या. तू हसायची थांबलीस.

चेष्टा होती, असं मी स्वतःला सांगत आलो. चेष्टा एकदा केली तर चेष्टा. मी ती पुन्हा पुन्हा केली. दत्ताला फोनवर सांगितलं, तुझ्या आईचा हात हलतो आता. डॉक्टरला सांगितलं, तर त्यांनी वय विचारलं अन् म्हणाले, वयानं थोडं होतं. त्यांनी तुला दोन्ही हात पुढं धरायला सांगितले होते का, ते मला आठवत नाही. आठवत असतं तर लिहिलं असतं. कुसुमच्या सुनेच्या ओटीभरणाला तू चहाचा ट्रे घेऊन निघालीस, मी सगळ्यांसमोर तो तुझ्या हातातून घेतला. "राहू दे, सांडशील." मला वाटलं काळजी करतोय.

मग तू स्क्रीनवर टॉवेल घातलास. बायका यायच्या, तू म्हणायचीस, "आता न्हाई बाई, हात ऱ्हायला न्हाई." सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला बोलवायला लागलीस. भाकरी थापायचं सोडून मशीनच्या चपात्या आणा म्हणायला लागलीस. अन् बसलीस की उजवा हात पदराखाली ठेवायचीस. आठ महिने. मी रोज समोर बसून जेवत होतो.

नंतर तू गेलीस.

चौदाव्या दिवशी दत्ता सेट पुण्याला न्यायचा म्हणून आवरायला बसला. आधी चालू करून बघितला. तुझा रस्ता त्यात अजून साठवलेला होता, शिर्डी ते पारनेर. दत्तानं विमान तुझ्या उंचीवर लावून सोडलं अन् आम्ही आत जेवायला गेलो. जेवण म्हणजे काय, ताटावर बसलो. तासाभरानं बाहेर आलो. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी. अन् स्क्रीनवर उंचीचा आकडा आपोआप खाली चालला होता. पाच हजार, साडेचार, चार.

दत्ता म्हणाला, "आण्णा, हे बघितलं का?"

मी बघत होतो.

त्यानं फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून जरा दाबला. आकडा भराभर पळाला. अंगठा काढला, सावकाश चालू लागला. उंची कमी करायचा बाण काचेवर अगदी उजव्या कडेला होता, माझ्या फ्रेमच्या काठाला लागून. "काच तापली की फ्रेम दाबतीय तिला," दत्ता म्हणाला, "अन् काचेला वाटतं बोट लागलं." त्यानं चारही स्क्रू एकेक आटा ढिले केले. आकडा थांबला. अर्धा तास आम्ही दोघं उभे राहून बघत होतो, हलला नाही.

मी माझी पेटी आणली. फ्रेम अन् काच यांच्यात कागद सारून बघितला. ढिले केल्यावर कागद गेला. मग स्क्रू पुन्हा आवळले, जसे मी आवळले होते तसे. कागद जाईना. मी काचेला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. गार असताना माप बरोबर होतं, ठाकठीक, सुतभर फट नाही. अन् बायकोच्या हाताला दोष दिला.

दत्ता म्हणाला, "पण मी आईला फोनवर सांगितलं होतं. म्हणलं होतं, आण्णांना स्क्रू जरा ढिले करायला सांग. तिनं सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

दत्ता, तू हे ऐकायला बसलेला असशील. मी तुझ्याशी खोटं बोललो.

मालन, तू सांगितलं होतंस. मी जेवत होतो, तू भात वाढत होतीस. तू लई बेतानं बोललीस, मला आठवतंय, जशी माझ्या आईशी बोलायचीस तशी. "अहो, ते फ्रेमचे स्क्रू जरा ढिले करून बघता का? दत्ता म्हणत हुता."

अन् मी ताट सरकवलं. "बेचाळीस वर्षं मी काय हजामत केली? ढिलं काम माझ्या हातून होत नाही. तुला जमत नाही ते सांग की. दत्ताला अन् मला कशाला मधी घेतेस?"

तू म्हणालीस, "भात तरी खा."

त्यानंतर तू स्क्रूचं नाव काढलं नाहीस. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी टॉवेल आला स्क्रीनवर.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. वर लिहिताना पण मी ते गाळलं होतं, मागची पानं चाळून बघ, तिथं मी लिहिलंय की मी सगळं तपासलं. तपासलं, पण जे तू सांगितलंस ते सोडून. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. स्क्रूड्रायव्हर टेबलाच्या खणातच होता.

दत्ता पुण्याला गेला, सेट मात्र न्यायचा राहिला, मीच म्हणालो राहू दे. मग मी कुसुमकडं गेलो. ती दारात बीड्या वळत होती, सूप मांडीवर. मी उंबऱ्याशी बसलो अन् सरळ म्हणालो, "कुसुम, मालनचा हात थरथरत नव्हता. माझी फ्रेम काचेला दाबत होती."

तिनं पान कापायचं थांबवलं नाही. "बरं मग?"

"बरं मग काय? तुला सांगायला आलो."

"मला काय सांगताय दाजी. थरथरत नव्हता ते मला ठाव हाय."

"तुला कसं ठाव?"

तिनं कात्री खाली ठेवली. "उन्हाळ्यात आली हुती अक्का हितं. म्हणली, कुसे, माझा हात बघ गं थरथरतो का. मी तांब्या भरला, पार काठोकाठ, अन् दिला तिच्या हातात. धर म्हणलं. हितं, या उंबऱ्यात उभी ऱ्हायली धरून. मी तवर अर्धी जुडी बांधली. एक थेंब सांडला न्हाई."

मी बसलो होतो त्या उंबऱ्याकडं बघितलं.

"मी म्हणलं, बघ की, दगडावानी हाय हात. तर तांब्या खाली ठिवला अन् म्हणली, न्हाई गं, तुला दिसत नसंल. मिस्त्रींचं माप चुकत न्हाई."

मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागलो. कुसुमनं आतून पाणी आणून दिलं, मग दुसऱ्या बाजूला बघत म्हणाली, "रडून काय उपेग? चारचौघींत बोलला हुता ना, मग चारचौघींत सांगा. लिवून काढा, न्हाईतर ऐन वेळी तुमी भलतंच बोलाल."

तर हे लिहिलं. शहनाजभाभीला अन् बाकीच्यांना निरोप दिलाय, त्या येतील.

तू आता माफ कर म्हणून लिहीत नाही. तू होतीस तेव्हा मी एकदाही म्हणालो नाही, आता म्हणणं सोपं आहे, तू काही उलट बोलणार नाहीस. आणि तुझे आभार मानायची रीत आपल्यात नव्हती, पण मानतो. त्या वर्षी आपल्या घरात बायका हसत होत्या. तू मला मुळा धरण वरून दाखवलंस. मी जन्मभर या जिल्ह्यात राहिलो अन् ते एवढं मोठं आहे हे मला तुझ्यामुळं कळलं.

राहिलं मापाचं. कारखान्यात एखाद्यानं जॉबला हात न लावता, व्हर्निअर न लावता, नुसतं लांबून बघून मला आकडा सांगितला असता, तर मी त्याला शॉपमधून हाकलून दिलं असतं. दोघा-तिघांना दिलंही होतं. अन् तुझ्या हाताचं माप मी दारातून सांगितलं, चपला घालता घालता, अन् तू ते खरं मानलंस. स्वतःच्या हातात भरलेला तांब्या होता तरी माझंच खरं मानलंस. त्या आठ महिन्यांत तो हात मी एकदा माझ्या हातात धरून बघितला असता, तर मला कळलं असतं. माझ्या बोटांना केसाएवढं हललेलं कळतं. तुझा हात रोज माझ्यासमोर होता, पदराखाली, वीतभर लांब.

मी मागितला नाही.